उताराचा प्रहर : वसंतातला बर्फ, उभे कडे आणि स्कीवरून उतरणाऱ्यांचा इतिहास

१.
स्वित्झर्लंडमध्ये दर दोन वर्षांनी वसंत ऋतूत एक विलक्षण शर्यत भरते. तिचे नाव ‘पात्रुई दे ग्लासिए’, म्हणजे हिमनद्यांवरची गस्त. पायांत स्की चढवायच्या, तिघांची तुकडी करायची आणि झेरमॅट गावातून निघून, हिमनद्या व खिंडी ओलांडत, पन्नासहून अधिक किलोमीटरवरचे व्हर्बिए गाठायचे. वाटेतला सर्वांत उंच टप्पा सुमारे ३६५० मीटरचा. लांब पल्ल्याच्या या शर्यतीतल्या तुकड्या सुटतात त्या मात्र रात्रीच्या काळोखात, कपाळावरच्या दिव्यांच्या उजेडात.

दिवसाचा लख्ख प्रकाश सोडून रात्र का निवडावी? या प्रश्नाच्या उत्तरात एका संपूर्ण साहसप्रकाराचा सव्वाशे वर्षांचा इतिहास दडलेला आहे. ही मालिका त्या इतिहासाची.

२.
प्रथम संज्ञा स्पष्ट करून घेऊ. स्की म्हटले की डोळ्यांसमोर येतात त्या पाळण्यातून वर जाणाऱ्या आणि आखून दिलेल्या उतारावरून घसरत येणाऱ्या पर्यटकांच्या रांगा. येथे विषय वेगळा आहे. स्की-भ्रमंतीत पाळणा नसतो. चढणही स्कीवरूनच, स्वतःच्या पायांनी करायची.

त्यासाठी स्कीच्या तळाला केसाळ पट्टी लावतात. पूर्वी ती सीलच्या कातड्याची असे. पुढे अंगोरा शेळीच्या लोकरीची आणि कृत्रिम धाग्यांची आली. तिचे केस एकाच दिशेने झुकलेले असतात. पुढे सरकताना ते आडवे पडतात, मागे घसरू लागताच बर्फात रुततात. माथ्यावर पोहोचले की पट्टी सोलून काढायची, टाच बांधून टाकायची आणि उतरायचे.

३.
आता रात्रीचे कोडे. वसंत ऋतूत आल्प्सच्या उंचीवर बर्फ रोज दोनदा रूप बदलतो. निरभ्र रात्री तो आपली उष्णता आकाशाकडे सोडतो आणि दिवसभरात वितळलेले पाणी गोठून पृष्ठभाग दगडासारखा घट्ट होतो. सकाळी ऊन चढू लागले की वरचे दोन-तीन सेंटिमीटर सैल होतात. हा बर्फ जाड रव्यासारखा कणीदार असतो. त्यावर स्की अलगद आणि खात्रीने वळते.

पण ऊन आणखी चढले की पाणी थरांमध्ये झिरपते, कणांची एकमेकांवरची पकड सुटते आणि संपूर्ण उतार ओल्या हिमस्खलनाच्या रूपाने खाली येऊ शकतो. उत्तम अवस्था तासाभराची, कधी त्याहूनही कमी. आधी उतरलात तर बर्फ काचेसारखा, नंतर उतरलात तर चिखलासारखा.

४.
म्हणून वसंतातला स्कीपटू घड्याळाचा दास असतो. पूर्वेकडे तोंड असलेला उतार सर्वांत आधी सैल होतो, दक्षिणेकडचा त्यानंतर, पश्चिमेकडचा सर्वांत शेवटी. कोणत्या उतारावर कोणत्या प्रहरी असावे, याचा हिशेब आदल्या संध्याकाळीच मांडावा लागतो. रात्री ढग आले तर बर्फ नीट गोठत नाही आणि सगळा हिशेब कोसळतो. अशा पहाटे शहाणा माणूस पुन्हा अंथरुणात शिरतो.

पर्वतांच्या इतिहासात धैर्याच्या कथा पुष्कळ आहेत. या विशिष्ट इतिहासात मात्र खरी कमाई झाली ती वेळ ओळखण्याच्या विद्येची. ती विद्या कशी मिळाली आणि तिची किंमत कोणी मोजली, हे पाहू.

५.
स्की ही मूळची उत्तर युरोपातली, बर्फाळ प्रदेशात चालण्याची सोय. आल्प्सच्या रहिवाशांना तिचे महत्त्व फार उशिरा कळले. १८८८ मध्ये नॉर्वेच्या फ्रिट्यॉफ नान्सेन याने साथीदारांसह स्कीवरून ग्रीनलँड पार केले. त्या मोहिमेवरील त्याचा ग्रंथ जर्मनमध्ये आला आणि मध्य युरोपातील तरुणांनी नॉर्वेहून स्की मागवायला सुरुवात केली.

पण नॉर्वेच्या लांब, सौम्य टेकड्या वेगळ्या आणि आल्प्सचे तीव्र उतार वेगळे. ऑस्ट्रियातील लिलियेनफेल्ड येथे माटियास झ्डार्स्की याने टाच आवरून धरणारे नवे बंधन बनवले, एकाच काठीच्या आधारे तीव्र उतारावर वळण्याचे तंत्र रचले आणि १८९७ च्या सुमारास त्यावर पुस्तकही प्रसिद्ध केले. तीव्र उतारावर वेग ताब्यात ठेवण्याचा विचार येथून पद्धतशीर झाला.

६.
या सुरुवातीच्या काळातला सर्वांत प्रसिद्ध नवशिका म्हणजे आर्थर कॉनन डॉयल. पत्नीच्या क्षयरोगामुळे त्याचा मुक्काम स्वित्झर्लंडमधील दावोस येथे होता. डिसेंबर १८९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कथेत त्याने शेरलॉक होम्सला स्विस धबधब्यात ढकलून मोकळे केले होते आणि त्याच हिवाळ्यात तो स्वतः बर्फावर धडपडत होता.

मार्च १८९४ मध्ये ब्रांगर बंधू या दोघा स्थानिकांसोबत तो दावोसहून आरोसा येथे जायला निघाला. मधली खिंड सुमारे २४०० मीटर उंच. ब्रांगर बंधूंनी ती आदल्या वर्षी पार केली होती. तिघांनी पहाटेपूर्वीच वाट धरली. रात्रीचा गोठलेला बर्फ सोबतीला होता.

७.
एका अतितीव्र उतारावर तिघांनी स्की पायांतून काढून एकत्र बांधल्या, म्हणजे त्यांची घसरगाडी होईल. डॉयलची गाडी त्याच्याविनाच निसटली आणि उरलेला उतार या महाशयांनी ट्वीडच्या विजारीवर बसून पार केला. आरोसा येथील हॉटेलच्या नोंदवहीत ब्रांगरने त्याचा व्यवसाय खेळाडू असा लिहिला, याचा डॉयलला पुढे फार आनंद वाटला.

त्या अनुभवावर त्याने त्याच वर्षी ‘स्ट्रँड’ मासिकात लेख लिहिला. शेकडो इंग्रज एक दिवस स्कीच्या हंगामासाठी स्वित्झर्लंडला येतील, असे भाकीत त्यात आहे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की तो हंगाम त्याने मार्च आणि एप्रिलचा सांगितला होता.

८.
जानेवारी १८९७ मध्ये विल्हेल्म पाउल्के या तरुण जर्मन भूवैज्ञानिकाने चार साथीदारांसह स्कीवरून बर्नीज ओबरलँडच्या हिमनद्या पार केल्या. ऐन हिवाळ्यात आल्प्सचा इतका मोठा हिमाच्छादित प्रदेश स्कीवरून ओलांडता येतो, हे या मोहिमेने सिद्ध केले.

पण या यशाला लगेच काळी किनार लागली. त्या पाचांपैकी दोघे, एहलर्ट आणि म्योनिख्स, १८९९ मध्ये सुस्टेन खिंडीच्या परिसरात हिमस्खलनात मरण पावले. हिवाळ्यात नवा हिम थरांवर थर रचत जातो. खालचा एखादा थर कच्चा राहिला तर माणसाच्या वजनानेही तो तुटतो. वरून निष्पाप दिसणारा उतार आतून काय आहे, हे कोणालाच ठाऊक नव्हते. पाउल्केने पुढे हिमाच्या थरांचा अभ्यास हाती घेतला.

९.
दरम्यान शामोनी ते झेरमॅट हा ‘उंचावरचा मार्ग’ स्कीपटूंना खुणावत होता. १८६१ च्या सुमारास इंग्रज गिर्यारोहकांनी उन्हाळ्यात पायी चालून तो आखला होता. १९०३ मध्ये शामोनीचे डॉक्टर पायो काही वाटाड्यांसह स्कीवरून झेरमॅटला पोहोचले. १९११ मध्ये मार्सेल कुर्झ, प्राध्यापक रोजे आणि त्यांच्या वाटाड्यांनी बूर-सँ-पिएरहून झेरमॅटपर्यंतचा अधिक उंचीचा टप्पा जोडला.

आज हा जगातील सर्वांत प्रसिद्ध स्की-भ्रमंतीचा मार्ग आहे. त्याचा मुख्य हंगाम साधारण मार्चच्या उत्तरार्धापासून एप्रिलअखेरपर्यंत. तोवर हिवाळ्यातला बर्फ दबून स्थिर झालेला असतो, हिमनद्यांच्या भेगांवर जाड पूल तयार झालेले असतात आणि दिवसही मोठे असतात.

१०.
‘वसंत हाच उंच पर्वतांचा खरा स्की-हंगाम’ हा विचार ज्याने हट्टाने मांडला, तो आर्नल्ड लन. त्याचा जन्म १८८८ मध्ये आपल्या चेन्नईत, तेव्हाच्या मद्रासमध्ये झाला. वडील तेथे मिशनरी होते. १९०९ मध्ये वेल्समधील कड्यावरून तो कोसळला. पाय इतका वाईट मोडला की तो कायमचा आखूड झाला आणि जखम कित्येक वर्षे वाहत राहिली.

तशाच पायावर त्याने जून १९१७ मध्ये योझेफ क्नूबेल या नामवंत वाटाड्यासोबत ४५४५ मीटर उंचीच्या डोम शिखरावर पहिले स्की-आरोहण केले. १९२१ मध्ये, सर्व उंचींवर आणि सर्व ऋतूंत स्की कशी करावी, यावर त्याचे पुस्तक आले. चांगल्या स्कीपटूने बर्फ वाचायला शिकले पाहिजे, हा त्याचा आग्रह होता.

११.
बर्फ वाचण्याचे शास्त्र व्हायला आणखी काही वर्षे गेली. १९३६ मध्ये दावोसजवळच्या वाइसफ्लुयोख येथे, सुमारे २७०० मीटर उंचीवर, एका साध्या बर्फाच्या खोलीत स्विस शास्त्रज्ञांनी प्रयोग सुरू केले. भूवैज्ञानिक, स्फटिकांचे अभ्यासक आणि अभियंते एकत्र बसून हिमाचा एकेक कण तपासू लागले. यातूनच पुढे हिम व हिमस्खलन संशोधनाची स्विस संस्था उभी राहिली.

थराचे तापमान, कणांचा आकार, घनता, पाण्याचे प्रमाण, या गोष्टी मोजता येऊ लागल्या. वाटाडे पिढ्यान्‌पिढ्या पायाखालच्या आवाजावरून जे ओळखत होते, त्याला आता आकड्यांची जोड मिळाली.

१२.
येथे पहिल्या पोस्टमधली शर्यत पुन्हा येते. दुसऱ्या महायुद्धात तटस्थ स्वित्झर्लंडने आपली सारी भिस्त पर्वतांवर ठेवली होती. झेरमॅट ते व्हर्बिए हे अंतर सैनिकांच्या तुकड्या एका दमात कापू शकतील का, याची परीक्षा म्हणून १९४३ मध्ये ही गस्त शर्यतीच्या रूपाने पहिल्यांदा भरली.

१९४९ च्या शर्यतीत एका तुकडीतले तिघेही हिमनदीच्या भेगेत कोसळून मृत्यू पावले. शर्यतीवर बंदी आली आणि ती तब्बल ३५ वर्षांनी, १९८४ मध्ये, पुन्हा सुरू झाली. आजही धोकादायक टप्प्यांवर तिघे एका दोराने बांधलेले असतात आणि निघण्याची वेळ अशी ठरवतात, की अवघड उतार ऊन चढण्यापूर्वी मागे पडावेत.

१३.
येथपर्यंत स्की हे पर्वत पार करण्याचे साधन होते. जिथे दोर आणि बर्फकुऱ्हाडीशिवाय चढता येत नाही, अशा भिंतींवरून स्कीने उतरावे, ही कल्पना बहुतेकांना वेडेपणाची वाटे. अपवाद होते. १९५३ मध्ये फ्रेंच गिर्यारोहक लियोनेल तेरे आणि अमेरिकन बिल डनवे यांनी मों ब्लांच्या उत्तर बाजूवरून स्कीने उतार केला.

पण या प्रकाराला स्वतंत्र ओळख मिळाली ती २३ सप्टेंबर १९६७ या दिवशी. शामोनीच्या वर एग्वी द ब्लेतिएर शिखराखाली स्पेन्सर नावाची घळ आहे. सह्याद्रीतले भटके जिला नाळ म्हणतील, तशी अरुंद आणि उभी. मात्र काठोकाठ बर्फाने भरलेली. तिचा उतार ५० अंशांच्या वर.

१४.
त्या नाळेच्या माथ्यावर उभा होता सिल्व्हँ सोदाँ, स्वित्झर्लंडच्या मार्तिन्यी परिसरातला एक स्की-प्रशिक्षक. त्या दिवशी त्याचा एकतिसावा वाढदिवस होता. ५० अंश म्हणजे काय? उतारावर आडवे उभे राहून हात बाजूला केला तर तो बर्फाला टेकतो. वळताना क्षणभर दोन्ही स्की थेट खाली तोंड करतात; तो क्षण लांबला तर वेग हाताबाहेर जातो आणि पडलेला माणूस तळापर्यंत थांबत नाही.

सोदाँ खाली सुखरूप पोहोचला. सुरुवातीला कित्येकांचा विश्वास बसेना. पुढे वृत्तपत्रांनी त्याला ‘अशक्याचा स्कीपटू’ ही उपाधी दिली आणि ती आयुष्यभर त्याला चिकटली.

१५.
सोदाँचे यश तंत्राचे होते. तीव्र उतारावर उडी मारून वळण्याची तेव्हाची रीत धोक्याची होती. उडीनंतरच्या आघाताने बर्फ सुटू शकतो. सोदाँने भार टाचांवर ठेवला, स्कीची शेपटे बर्फाशी राखली आणि टोके कमानीतून फिरवली. मोटारीच्या काचेवरचा वायपर जसा फिरतो तशी ही हालचाल, म्हणून या वळणाला वायपरचेच नाव पडले.

१९६८ मध्ये एग्वी व्हेर्तवरची व्हिम्पर नाळ, १९७० मध्ये आयगरचा पश्चिम उतार, १९७२ मध्ये अलास्कातील देनाली, असे त्याचे विक्रम एकामागून एक होत गेले. उंच भिंतींसाठी त्याने आणि त्याच्या पिढीने अनेकदा उशिराचा वसंत आणि उन्हाळ्याचा आरंभ निवडला, कारण तेव्हाचा ओलसर हिम उभ्या बर्फाला चिकटून राहतो. हिवाळ्यातला कोरडा हिम तेथे टिकतच नाही.

१६.
त्याच काळात दक्षिण टिरोलमध्ये एक बुटका, अबोल माणूस धुराडी साफ करून पोट भरत होता. हाइनी होल्झर त्याचे नाव. तरुणपणी राइनहोल्ड मेसनरसोबत त्याने अवघड कडे चढले होते. पुढे तो उभ्या भिंतींवरच्या स्कीकडे वळला आणि अल्पावधीत त्याच्या नावावर शंभरच्या आसपास तीव्र उतार जमा झाले.

त्याचा एक नियम होता. जी भिंत उतरायची, ती आधी त्याच मार्गाने चढायची. त्या काळातील काही गाजलेल्या उतारांत माथ्यावर पोहोचायला हेलिकॉप्टर वापरले गेले होते. होल्झरला ते मान्य नव्हते.

१७.
होल्झरच्या नियमात नीती जितकी, तितकाच व्यवहार होता. चढताना प्रत्येक पावलागणिक बर्फाची परीक्षा होते. कुठे हिमाखाली निळा कठीण बर्फ आहे, कुठे खडक डोकावतो, कुठे थर पोकळ वाजतो, हे पायांना आणि कुऱ्हाडीला कळते. वरून उतरणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही. त्याला दिसते ती क्षितिजासारखी एक कड आणि तिच्यापलीकडची पोकळी.

शिवाय चढणारा माणूस वेळही मोजत जातो. पायाखालचा बर्फ अपेक्षेपेक्षा लवकर सैल होऊ लागला तर तो अर्ध्यातून परतू शकतो. धुराडी साफ करणाऱ्याने आपल्या धंद्यातली शिस्तच जणू पर्वतावर नेली होती : आधी जागा तपासायची, मग हात घालायचा.

१८.
४ जुलै १९७७ रोजी होल्झर स्वित्झर्लंडमधील पित्स रोझेगच्या ईशान्य भिंतीवरून उतरत असताना कोसळला आणि मरण पावला. त्याने तिशी नुकतीच ओलांडली होती.

इथे इतिहास सोपा बोध देत नाही. नियम पाळणारा होल्झर तरुणपणी गेला. ज्याच्या विक्रमांना लोक आत्महत्येचा प्रयत्न समजत, तो सोदाँ जुलै २०२४ मध्ये वयाच्या ८७ व्या वर्षी वारला. यावरून होल्झर चुकला आणि सोदाँ बरोबर, असे म्हणता येत नाही. नुसते नशीब म्हणून हात झटकताही येत नाहीत. ज्ञान धोका कमी करते, शून्यावर आणत नाही. उभ्या भिंतींवरच्या स्कीची रूढ व्याख्याच अशी आहे : जेथे पडणे म्हणजे मरणे. शंभरदा अचूक असलेल्या माणसालाही एकशेएकाव्या वेळी पुन्हा अचूकच असावे लागते.

१९.
आल्प्समध्ये उतरणारा स्वतःचा जीव पणाला लावत होता. हिमालयात हा हिशेब बदलला. ६ मे १९७० रोजी जपानच्या युइचिरो मिउराने एव्हरेस्टच्या साउथ कोलवरून, सुमारे ८००० मीटर उंचीवरून, पाठीला पॅराशूट बांधून स्कीवर झेप घेतली. विरळ हवेत पॅराशूटने पुरेसा वेग रोखला नाही. तो पडला, कित्येक शे मीटर घसरत गेला आणि एका प्रचंड भेगेच्या अलीकडे थांबला. या उतारावरच्या चित्रपटाला पुढे ऑस्कर मिळाले.

पण मोहिमेच्या सुरुवातीलाच, ५ एप्रिल रोजी, खुंबूच्या हिमप्रपातात बर्फ कोसळून सहा शेर्पा गेले होते. ते स्की करायला आले नव्हते. मोहिमेचे सामान वर पोहोचवत होते. त्या उताराच्या नोंदीत त्यांचा उल्लेख मिउराच्या नावाइतक्याच ठळकपणे व्हायला हवा.

२०.
भारताशी या इतिहासाचा धागा जुना आहे. गुलमर्ग येथे १९२७ मध्ये ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांनी स्की क्लबची स्थापना केली. स्वातंत्र्यानंतर, काश्मीरमधील युद्ध चालू असतानाच, डिसेंबर १९४८ मध्ये जनरल थिमय्या यांच्या पुढाकाराने तेथे सैनिकांसाठी स्की-प्रशिक्षण सुरू झाले. आजची ‘हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल’ ही त्याच रोपाचा वृक्ष.

१९७७ मध्ये, होल्झर गेला त्याच वर्षी, सोदाँने झांस्कर-सुरू परिसरातील ७१३५ मीटर उंचीच्या नून शिखरावरून स्कीने उतार केला. पुढे तो काश्मीर आणि हिमाचलमध्ये हेलिकॉप्टरच्या साहाय्याने स्कीच्या सहलीही चालवू लागला. १९८२ मध्ये काराकोरममधील गाशेरब्रुम-१ या ८००० मीटरहून उंच शिखराच्या माथ्यापासून तळापर्यंत तो स्कीवर उतरला. आठ-हजारी शिखराचा हा पहिला संपूर्ण स्की-उतार मानला जातो.

२१.
साधनांनीही इतिहास घडवला. १९८० च्या दशकाच्या आरंभी फ्रिट्झ बार्थेल हा ऑस्ट्रियन तरुण मों ब्लांच्या चढाईत जड बुटांनी आणि बंधनांनी हैराण झाला. बुटाच्या कडक टोकालाच दोन बाजूंनी खिळी बसवली तर मधले जड लोखंड टाळता येईल, हे त्याला सुचले. १९८४ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला. आज जगभरच्या हलक्या स्की-बंधनांचा पाया हीच कल्पना आहे.

ओझे घटल्याचा अर्थ केवळ आराम नाही. हलका माणूस लवकर वर पोहोचतो, म्हणजे योग्य प्रहर गाठतो. काही किलो वाचले की तास-दीड तास हाती येतो आणि वसंतातल्या उतारावर तेवढ्यात बर्फाचे रूप पालटते.

२२.
पुढची पायरी एव्हरेस्टची. ७ ऑक्टोबर २००० रोजी स्लोव्हेनियाचा दावो कार्निचार माथ्यापासून तळछावणीपर्यंत स्की न काढता उतरला. येथे हंगाम पाहा : पावसाळ्यानंतरचा. हिमालयाच्या भिंतींवर पुरेसा हिम साठतो तो मान्सूनमध्ये. मे महिन्यात वाऱ्याने त्या उघड्या पडलेल्या असतात. पर्वत बदलला की प्रहराचे गणितही नव्याने मांडावे लागते.

२२ जुलै २०१८ रोजी पोलंडच्या आंद्रेय बार्ग्येलने के-टूवरून पहिला संपूर्ण स्की-उतार केला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये कृत्रिम प्राणवायूशिवाय एव्हरेस्टवरूनही. सप्टेंबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या हिलरी नेल्सन यांनी जोडीदारासह ल्होत्सेच्या माथ्यावरून पहिला उतार केला; सप्टेंबर २०२२ मध्ये मनास्लूच्या माथ्याजवळून स्कीवर निघताना त्या हिमस्खलनात गेल्या.

२३.
आज या विद्येपुढे नवे संकट आहे. वसंताचे सारे गणित रात्रीच्या गोठण्यावर उभे आहे आणि उबदार रात्रींची संख्या वाढते आहे. स्विस हिमनद्यांनी २०२२ आणि २०२३ या दोनच वर्षांत आपल्या एकूण घनफळाचा सुमारे दहावा हिस्सा गमावला. हिमनद्या खचल्या, तसे जुने मार्ग खडकाळ झाले. काही ठिकाणी जेथून सहज बर्फावर पाय ठेवता येई, तेथे आता लोखंडी शिड्या लावाव्या लागतात.

सोदाँ आणि होल्झर यांनी जून-जुलैत उतरलेल्या काही भिंती आता त्या महिन्यांत बर्फाविना उभ्या दिसतात. गोठलेल्या बर्फाने धरून ठेवलेले दगडही सुटू लागले आहेत. जुन्या मार्गदर्शक पुस्तकांत छापलेले महिने आणि वेळा यांवर डोळे मिटून विसंबता येत नाही.

२४.
हा सगळा इतिहास विक्रमांच्या यादीसारखाही वाचता येतो : कोण पहिला, किती अंश, किती मीटर. पण ज्यांनी ही विद्या पुढे नेली, त्यांच्या कामाकडे पाहिले तर निराळेच चित्र दिसते. साथीदार गमावल्यावर हिमाच्या थरांचा अभ्यास करणारा पाउल्के, आखूड पायाने डोम चढून बर्फ वाचायला शिका म्हणणारा लन, वाइसफ्लुयोखच्या गारठ्यात कण मोजणारे शास्त्रज्ञ, उतरण्याआधी चढलेच पाहिजे म्हणणारा होल्झर.

आणि त्यांच्याही पलीकडे असंख्य अनामिक, जे पहाटे दाराबाहेर आले, पायाने बर्फ दाबून पाहिला, तो रात्री गोठलेला नाही हे ओळखले आणि परत फिरले. त्यांची नावे कोणत्याही नोंदवहीत नाहीत. त्यांतले बरेचसे म्हातारे होऊन आपापल्या घरी वारले. त्यांच्या विद्येची याहून मोठी पावती कोणती असणार?